विश्लेषण : प्रवेश परीक्षेत गुण कमी, तरी ‘एमबीए’ शक्य?

‘कॅट’ किंवा ‘सीईटी’त पर्सेंटाइल अपेक्षेपेक्षा कमी आले की घरात दोनच पर्यायांची चर्चा होते. एक वर्ष थांबायचे, की मिळेल तिथे प्रवेश घ्यायचा? मात्र कमी गुणांचा अर्थ प्रत्येक प्रवेश प्रक्रियेत सारखा नसतो. कुठे ते अंतिम ठरतात, तर कुठे अर्जातील अनेक बाबींपैकी एक.

‘कॅट’मध्ये अडसर कुठे?

आयआयएममध्ये मुलाखतीसाठी निवड होताना एकूण पर्सेंटाइलबरोबर भाषा-आकलन, माहिती विश्लेषण-तर्क आणि गणित या तिन्ही विभागांत स्वतंत्र किमान पर्सेंटाइल लागते. त्यामुळे एकूण ९५ पर्सेंटाइल असूनही एका विभागात मागे पडलेला उमेदवार बाहेर जाऊ शकतो. दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव, मुलाखत यांनाही वजन असते आणि ते संस्थेगणिक बदलते. मात्र हे सारे किमान अट ओलांडल्यानंतरच कामी येते. शिवाय किमान पात्रता म्हणजे मुलाखतीचे बोलावणे नव्हे. प्रत्यक्ष बोलावणे बऱ्याचदा त्याहून वरच्या पर्सेंटाइलला थांबते.

राज्याच्या ‘सीईटी’त काय?

इथे वाव सर्वांत कमी. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी परीक्षेच्या गुणांवर लागते. मुलाखत नाही, निबंध नाही, म्हणजेच कमी गुणांचे कारण सांगायला जागाच नाही. उमेदवाराच्या हाती उरतो तो पसंतीक्रम. केवळ नामवंत संस्था भरून अर्ज अडकवण्यापेक्षा मागील वर्षाचे कट-ऑफ पाहून खालचे पर्यायही भरणे शहाणपणाचे ठरते. खासगी विनाअनुदानित संस्थांतील संस्थास्तरीय जागा हा दुसरा मार्ग आहे.

‘जीमॅट’चे गणित वेगळे कसे?

परदेशी संस्था आणि देशातील काही संस्था ‘जीमॅट’ स्वीकारतात. २०२३ अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात. नवे ६४५ हे जुन्या ७०० च्या जवळपास मानले जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या नातेवाईकाच्या गुणांशी तुलना केल्यास चांगले गुणही कमी वाटू शकतात. तुलना पर्सेंटाइलशी करावी. १२ महिन्यांत ही परीक्षा पाच वेळा देता येते आणि गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात. अनेक संस्थांना ‘जीआरई’ही चालते.

कमतरता भरून कशी काढतात?

अशा अर्जात प्रवेश समितीचा प्रश्न साधा असतो : पहिल्या सत्रातील संख्याशास्त्र, वित्त हे विषय या विद्यार्थ्याला झेपतील का? त्याचे उत्तर पदवीतील गणिताचे गुण, अलीकडे पूर्ण केलेला संख्याशास्त्राचा वा लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम किंवा आकडेवारीशी रोज संबंध येणारी नोकरी यांतून देता येते. ऐच्छिक निबंधात सबबी सांगण्याऐवजी असे पुरावे चार ओळींत मांडलेले बरे. महासाथीच्या काळात अमेरिकेतील काही संस्थांनी परीक्षेतून सूट दिली होती. काही ठिकाणी ती आजही मिळते, मात्र त्यासाठी अर्जाची बाकी बाजू भक्कम लागते.

धोका कुठे?

प्रवेश मिळाला तरी गुणवत्तेवरील शिष्यवृत्ती हुकू शकते आणि शैक्षणिक कर्जाचा बोजा वाढतो. कमी गुणांच्या धास्तीचा फायदा ‘हमखास प्रवेशा’ची जाहिरात करणारे दलालही घेतात. पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी आणि नोकरीचे सर्वोच्च नव्हे, तर मध्यक वेतन विचारावे. कर्जाचा हप्ता त्या वेतनातून फिटत नसेल, तर पुन्हा परीक्षा देण्यात घालवलेले एक वर्ष स्वस्त पडते.