जॅनिसचा शेवट नको, जॅनिस सांगा

बंडखोर बाईची गोष्ट शेवटापासून सांगायची समाजाला जुनी खोड आहे. अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉपलिनचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं : २७व्या वर्षी हॉटेलच्या खोलीत हेरॉइनने मेली. पुढचं वाक्य कुणी उच्चारत नाही, पण ऐकू येतं : अशा बायकांचं असंच व्हायचं!

तिच्या आधी सोळाच दिवस, १८ सप्टेंबर १९७०ला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गेला. तोही २७ वर्षांचा, झोपेच्या गोळ्यांनी. त्याच्याबद्दल बोलताना आधी गिटार येते, मग गोळ्या. तो प्रतिभावंत, ती वाया गेलेली. हा न्याय कुठला?

जॅनिस १९४३ साली टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गावी जन्मली. चित्रं काढणारी, पुस्तकं वाचणारी, वर्णद्वेष न मानणारी, चेहऱ्यावर मुरमांचे व्रण असलेली मुलगी. शाळेत तिचा छळ झाला. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात तर 'आवारातला सर्वांत कुरूप पुरुष' निवडायच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं गेलं. गंमतच ती! अशा गमतीला हिंसा म्हणायला आपल्याला चळवळीने शिकवलं. तेव्हा तिच्या बाजूने तसं म्हणणारं कोण होतं?

१९६३मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. दोन वर्षांत नशेने हाडांचा सापळा झाला, तेव्हा मित्रांनी बसभाड्याचे पैसे जमवून तिला घरी धाडलं. गावी तिने केस नीट बांधले, कॉलेजात नाव घातलं, लग्न ठरवलं. ते मोडलं. या काळात ती एका मनोविकार समाजकार्यकर्त्याकडे नियमित जात होती. गाण्याकडे परतणं म्हणजे नशेकडे परतणं, ही भीती तिला होती. मी स्वतः समाजकार्य करते, म्हणून इथे थबकते. तिच्यापुढे दोनच वाटा दिसत होत्या : सभ्य आणि गप्प, नाहीतर गाणारी आणि बरबाद. ही निवड तिने तयार केलेली नव्हती.

१९६६मध्ये ती परतली, 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या सायकेडेलिक रॉक वाद्यवृंदाची गायिका झाली. जून १९६७च्या माँटेरे महोत्सवात तिने 'बॉल अँड चेन' गायलं आणि श्रोते थक्क झाले. १९६८चा त्यांचा 'चीप थ्रिल्स' हा संग्रह आठ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. गोड, नाजूक आवाजाची अट तिने घशातून फाडून टाकली.

'बॉल अँड चेन' बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचं. काळ्या बायकांच्या गाण्यांवर गोरी बाई मोठी झाली, हा आक्षेप खराच आहे. तो झाकू नये. पण जॅनिसने हे ऋण लपवलं नाही. तिची आदर्श बेसी स्मिथ १९३७मध्ये वारली, आणि तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. ऑगस्ट १९७०मध्ये तो बसला. खर्च दोघींनी उचलला : जॅनिसने, आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या ह्वानिता ग्रीन यांनी. एका बाईचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून दोन बायका पुढे आल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, जॅनिस गेली.

तिला देवी करू नका. नशेने तिला आवाज दिला नाही, नशेने आवाज बंद केला. 'सत्तावीस वर्षांचे अमर' असली रोमँटिक बडबड धंद्याच्या सोयीची. तिच्या मृत्यूनंतर आलेला 'पर्ल' धडाक्यात खपला, पण ते यश पाहायला ती नव्हती.

मागणी साधी आहे. आपल्या केंद्रात एखादी व्यसनी, बदनाम, घर सोडलेली मुलगी येते, तेव्हा केसपेपरवर पहिली ओळ आपण काय लिहितो? व्यसन? चारित्र्य? की तिला काय येतं, आणि तिची थट्टा कुणी केली? मेल्यावर दगड बसवणं चांगलंच. जिवंतपणी तिला तिसरी वाट दाखवणं, हे आपलं काम.