लेकरांच्या आसनांचा लिलाव बंद करा!

तीन वर्षांच्या लेकराला विमानात आईपासून दहा रांगा दूर बसवायचे आणि ‘जवळ हवे असेल तर जादा पैसे भरा’ असे बापाला सांगायचे, याला व्यापार म्हणत नाहीत. ही खंडणी आहे! संगणकाच्या पडद्यावर मागितलेली आणि पावती देऊन वसूल केलेली, पण खंडणीच! ही वसुली वर्षानुवर्षे चालू असताना जी सरकारी यंत्रणा डोळे मिटून बसली, ती या पापात भागीदार आहे, असे आम्ही आज बजावून सांगतो.

एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, फर्मान काढावे लागले. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाजवळ आसन द्या आणि तशी नोंद ठेवा, असे ते फर्मान. लेकराला आईजवळ बसू द्या, एवढी साधी माणुसकी विमान कंपन्यांना सरकारी कागदावरून शिकवावी लागली! आणि हा आदेश अवतरला कुठे? सुरक्षेच्या नियमांत नव्हे. कंपन्यांनी तिकिटापासून कोणत्या सेवा वेगळ्या काढून विकाव्यात, हे ठरवणाऱ्या परिपत्रकात! जेवण, वाद्ये आणि खेळाचे साहित्य यांच्या जादा आकारणीबरोबर ज्या कागदावर आपल्या मुलांची सोय लावली जाते, तो कागद राज्यकर्त्यांचे मन उघडे करून दाखवतो. त्यांच्या लेखी मूल हा प्रवासी नाही, तिकिटावरची जादा बाब आहे.

हा प्रश्न लाडाकोडाचा नाही, जिवाचा आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी हवाई सुंदरी सांगते की, प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावा, मग मुलाला. पस्तीस हजार फुटांवर विमानातला हवेचा दाब एकाएकी गेला, तर माणूस भानावर राहतो तो जेमतेम अर्धा ते एक मिनिट. तेवढ्या वेळात दहा रांगा मागे बसलेल्या पोराला मुखवटा कोणी लावायचा? शेजारच्या अनोळखी प्रवाशाने? धूर भरलेल्या विमानातून उतरताना आईने गर्दी कापत उलट्या दिशेने धावायचे? ज्याने आसनांच्या विक्रीचे कोष्टक आखले, त्याने या प्रश्नांचे उत्तर द्यावे. नसेल उत्तर, तर ते कोष्टक फाडून टाकावे.

विमानातून जमिनीवर या. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्रीच्या अंधारात कडा उतरणाऱ्या हिरकणीचा हा मुलूख. खिशात खडखडाट असलेल्या आपल्या एसटीने बसस्थानकांवर हिरकणी कक्ष उभारले. त्यातल्या कित्येकांना कुलूप असते, हेही खरे. त्याबद्दल एसटीलाही आम्ही क्षमा करणार नाही. पण बाळाला पाजणाऱ्या आईला आडोसा देणे हे आपले कर्तव्य आहे, एवढे तरी तिने मान्य केले. रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ लावून पाहिला. आणि हजारो कोटींचे विमानतळ? काचेचे महाल, अत्तराची दुकाने, चेहरा ओळखून उघडणारी डिजियात्राची दारे आहेत. पण पाजायला जागा विचारली तर तिथली कर्मचारी प्रसाधनगृहाकडे बोट दाखवते, असा अनुभव कित्येक आयांच्या पदरी आहे. शौचालयात बसून कोणता मंत्री जेवतो? मग बाळाने तिथे का जेवावे? डायपर बदलण्याची फळी असलीच तर बायकांच्या बाजूला. बाळाला एकट्याने घेऊन निघालेल्या बापाने काय करावे?

अमेरिकेने २०१८ मध्ये कायदाच केला. मोठ्या आणि मध्यम विमानतळांवर प्रत्येक टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, प्रसाधनगृहाबाहेर स्तन्यपानाची जागा हवी. तिथे बसायला आसन, टेबल, हात धुण्याची सोय आणि विजेचा सॉकेट हवा. शिवाय पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही प्रसाधनगृहांत बाळाचे कपडे बदलण्याची फळी हवी. सॉकेट आणि फळीसुद्धा कायद्यात लिहिली, कारण मोघम लिहिलेला कायदा ठेकेदार गिळतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असते. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नव्वद वर्षांनी संधी आली, आणि त्यात लहान मुलांच्या सोयीसाठी एक कलम नाही!

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की, सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याची सोय ही आई आणि मूल दोघांच्या मूलभूत हक्कांशी जोडलेली आहे. नव्या इमारतींच्या आराखड्यातच त्यासाठी जागा राखावी. केंद्राने राज्यांना त्याची आठवण करून द्यावी, असाही आदेश दिला. राज्यांना आठवण करून देणाऱ्या केंद्राने आधी स्वतःच्या अखत्यारीतल्या विमानतळांचे काय केले, ते सांगावे!

पैसा नाही, हे तुणतुणे आमच्यापुढे वाजवू नका. दोन वर्षे पूर्ण झाली की मुलाला वेगळे तिकीट लागते, आणि विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क त्याला मोठ्या माणसाइतकेच भरावे लागते. त्याहून लहान बाळ मांडीवर बसते, आसन अडवत नाही, तरी त्याचेही भाडे कंपन्या घेतात. शुल्क पूर्ण आणि सोय शून्य, हा कुठला न्याय? मोठ्या विमानतळांचे शुल्क ठरवणारे आर्थिक नियामक प्राधिकरण आहे. केंद्राने सेवेच्या दर्जाचे निकष ठरवून दिले, तर ते पाळले जातात की नाही यावर देखरेख करण्याचा अधिकार त्याला २००८ च्या कायद्यानेच दिला आहे. मग निकष ठरवायला केंद्राचा हात कोणी धरला? चहाच्या किमतीवरून ओरड झाली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला दहा रुपयांत चहा देणारे उडान यात्री कॅफे उघडलेच ना? मोठ्यांच्या चहाला जे जमले, ते लेकरांच्या दुधाला का जमत नाही?

आणि रडणाऱ्या बाळाकडे पाहून नाके मुरडणाऱ्या सुशिक्षित सहप्रवाशांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. विमान उतरताना दाब बदलतो आणि बाळाच्या कानात कळ उठते. मोठा माणूस आवंढा गिळून सुटतो. बाळाला ते कळत नाही. त्या क्षणी त्याला पाजले, तर कळ शमते. म्हणून शेजारची आई पदर सावरून बाळाला जवळ घेते, तेव्हा मान वळवून तिला मोकळीक देणे हा तुमचा धर्म आहे. ते रडणे आईच्या संस्कारांचा दोष नाही. तुमचा त्रागा मात्र तुमच्या संस्कारांचा दोष आहे.

आमच्या मागण्या लेखी घ्या. १२ वर्षांखालील मुलाचे पालकाजवळचे आसन बुकिंगच्या क्षणीच, एक रुपयाही न घेता, नक्की करा. आसनाचा आदेश कोणत्या कंपनीने किती वेळा मोडला, ती नोंद दर महिन्याला प्रसिद्ध करा आणि प्रत्येक भंगाला दंड लावा. प्रत्येक टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणीनंतर स्तन्यपान कक्ष आणि बापालाही जाता येईल अशी बाळाचे कपडे बदलण्याची खोली बांधा. उड्डाण रखडले की प्रवाशांना जेवण देण्याचा नियम आहे. त्यात बाळासाठी दूध, गरम पाणी आणि डायपर स्पष्ट शब्दांत घाला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे विमानतळांवर अडकली. पुढच्या वेळी ‘आमच्या नियमात नव्हते’ ही सबब कोणाच्या तोंडी येता कामा नये.

यातले काहीही मेहेरबानी म्हणून नको. पुरे पैसे मोजलेल्या प्रवाशाचा हा हक्क आहे, आणि तो प्रवासी तीन फुटांचा आहे म्हणून हक्क तसूभरही लहान होत नाही. ज्यांना मत नाही, ज्यांना तक्रार लिहिता येत नाही, त्यांच्या वतीने बोलणे हे संसदेचे पहिले काम आहे. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न उभा करावा आणि नियम पदरात पाडून घेतल्याशिवाय खाली बसू नये. जो गप्प बसेल, त्याचे नाव याच स्तंभात छापले जाईल!