वखारीच्या दारातील कुत्रा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पेठेत घडलेली एक गोष्ट बहुतेक सभासदबंधूंच्या कानांवर आली असेल. ज्यांच्या संबंधाने ती घडली ते दोन्ही पक्ष आपल्याच मंडळातील आहेत, सबब नावे देत नाही. एका वखारीच्या मागील अंगास, पत्र्याच्या बंद पडवीत, दोन हात लांबीच्या साखळीने एक कुत्रा बांधलेला असे. तो पिल्लू असताना त्याच्या गळ्यात घातलेला पट्टा पुढे कोणी सैल केला नाही. कुत्रा वाढला, पट्टा तेवढाच राहिला आणि शेवटी तो मांसात रुतला. त्या जखमेची दुर्गंधी रस्त्यापर्यंत येत असे. आपल्याच घरांतील दोन तरुण रोज त्या वाटेने महाविद्यालयात जात. त्यांनी मुनीमजींना दोनदा सांगितले. दोन्ही वेळी “मालकांच्या कानांवर घालतो” एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेस ते दिवसा न जाता रात्री अकरा वाजता गेले, भिंतीवरून उतरले, पडवीची कडी उचकटली, पकडीने साखळी तोडली आणि कुत्र्यास थेट पशुवैद्याकडे नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीच्या मालकांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मुलांच्या वडिलांना बोलावणे आले. गुन्हा नोंदला जाण्यापूर्वी मंडळातील चार वडीलधारी माणसे मध्ये पडली, दोन दिवस येणेजाणे झाले, मालकांनी अर्ज परत घेतला, मुलांनी क्षमा मागितली, आणि कुत्रा होता त्या जागी परत गेला. साखळी तेवढी नवी आली. ती पहिलीपेक्षा जड होती.

या प्रकरणी पेठेत पुष्कळ बोलणे झाले. आमचे मत असे की मुलांची दया खरी होती आणि त्यांचा मार्ग चुकला. परंतु त्यांना तो मार्ग धरावा लागला याचा दोष आम्हां थोरांकडे येतो. तो कसा, हे सांगण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. कारण त्या दोन दिवसांत आमच्या असे ध्यानात आले की मालक, मुले आणि मध्यस्थ यांपैकी एकासही तो नीट ठाऊक नव्हता. आम्हांसही नव्हता.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयाचा पाठपुरावा केला, त्याचे ते फळ. त्याच्या अकराव्या कलमात बांधलेल्या कुत्र्याचा विचार अगदी स्पष्ट शब्दांत केलेला आहे. कोणत्याही जनावरास गैरवाजवी आखूड वा गैरवाजवी जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी साखळीला असणाऱ्या कुत्र्यास मालकाने वाजवी फिरणे घडवून न आणणे, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा तिसरा. म्हणजे वर सांगितलेल्या वखारीत एकाच वेळी तिन्ही गुन्हे घडत होते. पण शिक्षा पाहावी. पहिल्या अपराधास दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध झाल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांत काय काय येत असे ते आपल्यातील वयोवृद्ध सभासद सांगतील; आज तेवढ्यात ती नवी साखळीसुद्धा येणार नाही. हा दंड अपुरा आहे हे सरकारलाही उमगले आहे; शिक्षा वाढविणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता.

आता त्या मुलांच्या बाजूचा हिशेब मांडू. कायद्याच्या दृष्टीने पाळलेला कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता होय. १८६० च्या दंडसंहितेत चोरीची व्याख्या समजावून सांगताना जी उदाहरणे दिली होती त्यांत एक कुत्र्याचेच आहे: खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्यास अप्रामाणिक हेतूने आपल्यामागे येण्यास लावले, तर कुत्रा मागून चालू लागताच चोरी पुरी होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमातही ते उदाहरण कायम आहे. चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, अपराध पहिलाच असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. पण चांगल्या जातीच्या कुत्र्याची किंमत त्याहून पुष्कळ अधिक असते. आणि खरा धोका चोरीत नाही, रात्रीत आहे. माल साठविण्याची इमारत ही गृह-अतिक्रमणाच्या बाबतीत घरासारखीच धरली जाते, हे आम्हां वखारवाल्यांना सोयीचे कलम आहे. सूर्यास्तानंतर अशा इमारतीत कडी उचकटून शिरणे ही रात्रीची घरफोडी. आणि ती चोरीच्या इराद्याने झाली असे ठरल्यास संहितेच्या ३३१ व्या कलमाप्रमाणे शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

एका पारड्यात पन्नास रुपये, दुसऱ्यात चौदा वर्षे. वकील म्हणतील की मुलांचा हेतू अप्रामाणिक नव्हता, त्यांना कुत्रा विकावयाचा नव्हता की ठेवून घ्यावयाचा नव्हता. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्यासही कायद्यात स्थान आहे. हे सर्व खरे आहे. परंतु हा बचाव न्यायालयात मांडावयाचा असतो, ठाण्याच्या ओट्यावर तो चालत नाही. आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत विशीतल्या मुलाची पारपत्रे, नोकऱ्या आणि सोयरिकी थांबून राहतात. म्हणून आपल्या घरांतील तरुणांना आम्ही निक्षून सांगतो की, साखळी तोडू नका. शिवाय वेदनेने पिसाळल्यागत झालेला कुत्रा सोडविणाऱ्यासच चावतो, आणि लस न टोचलेल्या कुत्र्याचा चावा म्हणजे जिवाशी गाठ आहे. वखारीचे छायाचित्र काढून मालकाच्या नावानिशी गावभर पसरविणे हा उपायही आम्ही सुचविणार नाही. त्याने मालक वरमत नाही, चिडतो. वर अब्रुनुकसानीची फिर्याद येते ती वेगळीच.

मग करावयाचे काय? मुलांनी ठाण्यात जाऊन तक्रार करावयास हवी होती, असे म्हणणे सोपे आहे. अडचण अशी की साखळी, उपासमार आणि न फिरविणे हे तिन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. फौजदारसाहेब “हे आमच्या हातात नाही” म्हणून अर्जदारास वाटेला लावतात, आणि अर्जदारही त्यावर विश्वास ठेवून परत फिरतो. परंतु त्याच १९६० च्या अधिनियमाचे चौतिसावे कलम फार थोड्यांना माहीत असते. अपराध घडला आहे असे मानण्यास कारण असेल आणि परिस्थिती तशी असेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती, ते जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे वा नेमलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे हजर करू शकते. पुढे दंडाधिकारी त्यास उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठवू शकतात, आणि तेथील खर्च मालकाकडून वसूल होतो. खटला चालू असेपर्यंत अशा जनावराचा सांभाळ कसा व्हावा याचे नियम २०१७ साली झाले आहेत. म्हणजे मुलांनी जे काम पकडीने केले तेच काम कायद्याने, दिवसाउजेडी, हवालदाराच्या हातून होऊ शकत होते. अर्जात या कलमाचा उल्लेख हवा, पशुवैद्याचे मत जोडलेले असावे, रस्त्यावरून घेतलेले छायाचित्र तारखेनिशी असावे, आणि अर्जाची पोच घ्यावी. उशीर मात्र चालत नाही. अपराधानंतर तीन महिने उलटले की या अधिनियमाखाली खटला भरता येत नाही. आपल्या सीमाभागात अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला तर काम सुकर होते. येथे भाषेचा वाद कोणी आणू नये. कुत्र्यास दोन्ही भाषा सारख्याच.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो तर हा लेख एखाद्या वकीलबंधूनेच लिहावयास हवा होता. आमचे दुखणे वेगळे आहे. त्या वखारीत रोज किमान दहा व्यापारी येत-जात असत. दलाल येत, हमाल येत, आडत्ये येत. आम्ही स्वतः त्या पडवीशेजारी उभे राहून मालाचे नमुने पाहिले आहेत. जखमेचा वास आम्हांसही आला होता. आम्ही रुमाल नाकाशी धरला आणि भाव ठरविला. ज्यांना भिंत चढावी लागत नव्हती, ज्यांच्यासाठी दार उघडे होते, मालक ज्यांना उठून बसावयास देत होते, त्यांपैकी एकानेही “शेठजी, एवढा पट्टा तेवढा काढून टाका” असे म्हटले नाही. व्यवहारात वितुष्ट नको, हे त्याचे कारण. हे बोलण्यास पन्नास रुपये पडत नाहीत की चौदा वर्षे लागत नाहीत.

पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत. त्यांत पहिला बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध. जीव घेणे हा पुढचा विचार झाला; नुसते जखडून ठेवणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे यानेच व्रतास डाग लागतो, असे तेथे सांगितलेले आहे. आणि पर्युषण पर्वात पेढी बंद, मुनीमजी गावी गेलेले, तेव्हा वखारीच्या कुत्र्यास पाणी कोण पाजतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? आम्ही पांजरपोळास पावती फाडतो आणि त्यावर समाधान मानतो.

पांजरपोळाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या ओळखीच्या बहुतेक पांजरपोळांत आज गुरांना जागा आहे, कुत्र्यास नाही. विचारले तर व्यवस्थापक हसतात. पण मुंबईचा जुना पांजरपोळ १८३४ साली उभा राहिला तो ज्या घटनेनंतर, ती कुत्र्यांचीच होती. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारचे शिपाई मोकाट कुत्री मारू लागले, तेव्हा मुंबईतील पारशी मंडळी चिडून रस्त्यावर आली, आणि त्यांच्या बरोबरीने जैन व हिंदू व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला. पुढे जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी मंडळींनी मिळून पांजरपोळ स्थापिला. बाजार बंद ठेवणाऱ्यांना त्यात स्वतःचा काही लाभ नव्हता. मोकाट कुत्र्यांविषयी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला, त्यात बाजू घेणारे आपल्यातही पुष्कळ निघाले. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. हा कुत्रा मोकाट नाही. त्याला मालक आहे, आणि तो मालक आपल्या मंडळाची वर्गणी भरतो.

कोणी म्हणेल, वखारीस राखण नको काय? अवश्य हवी. परंतु आखूड साखळीचा कुत्रा राखण करीत नाही, तो केवळ भुंकतो. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पहारेकरी कान देत नाही, आणि साखळी किती लांब आहे हे चोर पहिल्याच रात्री पाहून जातो. एकाच जागी जखडलेला, माणसाचा हात न लागलेला कुत्रा सर्वांवर सारखाच धावतो; हमालाचे पोर जवळ गेले तर त्यासही फाडतो. भिंतीच्या कडेने तीस-चाळीस फूट तार ओढून तिच्यात सरकणारी कडी घालावी, सावली करावी, पाण्याचे जड भांडे उलटणार नाही असे बसवावे, वर्षातून एकदा रेबीजची लस टोचावी, सकाळ-संध्याकाळ गड्याने फिरवून आणावे. एका पोत्याच्या तोलात जी घट धरतो तिच्याहून हा खर्च फार नाही.

आता त्या कुत्र्याविषयी. प्रकरण मिटल्यावर महिन्याभराने आम्ही तिघे जण त्या मालकांकडे गेलो. चहा झाला, बाजाराचे बोलणे झाले, मग मूळ विषय काढला. प्रथम त्यांनी “तुम्हीही त्या पोरांचीच बाजू घेता” म्हणून नाराजी दाखविली. आम्ही म्हटले, पोरांची चूक आम्ही मान्य करतो. आता पडवीत चला. त्यांनी स्वतः गेल्या सहा महिन्यांत त्या पडवीत पाऊल टाकले नव्हते. गड्यावर सर्व सोपविलेले होते, आणि गडी तीनदा बदलला होता. जखम पाहून ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर गड्यावर ओरडू लागले, ते आम्हीच थांबविले. त्याच सायंकाळी पशुवैद्य आले, पट्टा कापून काढला. तार दुसऱ्या आठवड्यात ओढली गेली. तार मोकळी असूनही तो कुत्रा कित्येक दिवस पूर्वीच्या दोन हातांतच फिरत असे, असे गड्याने सांगितले.

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक सूचना ठेवणार आहोत. प्रत्येक गावच्या शाखेने दोन सभासद नेमावेत. एखाद्या वखारीत, दुकानात वा बंगल्यात जनावराची हयगय दिसली तर तरुणांनी त्या दोघांकडे यावे; दोघांनी प्रथम मालकाकडे जावे, आठ दिवसांनी पुन्हा जावे, आणि तरीही फरक न पडल्यास मंडळाच्या शिक्क्यानिशी ठाण्यात अर्ज द्यावा, मग तो मालक मंडळाचा पदाधिकारी असला तरी. जनावर मरणाच्या दारी असेल तर आठ दिवसांची वाट न पाहता अर्ज त्याच दिवशी द्यावा. या शेवटच्या कलमांवर सभेत वाद होईल हे आम्ही जाणतो. आमच्या स्वतःच्या वखारीतही एक कुत्री आहे. तिची साखळी किती हात आहे हे हा लेख लिहावयास बसण्यापूर्वी आम्हांस मोजून पाहावे लागले.