मेतकूट आहे, कंदी पोडी पाठव

बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी आता आयते ‘हॉस्टेल हॅम्पर’ मिळतात. चॉकलेटं, कॉफीची पाकिटं, सुगंधी मेणबत्ती आणि ‘मिस यू’ लिहिलेला मग. पैसे भरा, पत्ता द्या, मोकळे व्हा! चीड येते ती या मोकळं होण्याची. हैदराबादेतल्या काचीगुडा, बडीचावडीतल्या ज्या मराठी घरांतली मुलं पुण्यात शिकतात, तिथल्या आयांना असं मोकळं व्हायचंच नसतं.

पाठवण्याची सोय तर आहे. टपाल खात्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के सवलत दिली आहे. शिवाय हुसेनसागर एक्स्प्रेस पुण्यावरूनच मुंबईला जाते, त्यामुळे ‘पुण्याला कोण जातंय?’ ही चौकशी बाराही महिने चालू असते.

पूर्वी मुलांचा ओघ उलटा होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८चं. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबादलाच जोडलेला. तिकडची मुलं शिकायला इथे येत. विचारवंत नरहर कुरुंदकर इथल्याच सिटी कॉलेजात शिकले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं आणि हैदराबाद गाठण्याची गरज कमी झाली.

आता इथून जाणाऱ्या डब्यात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा असतोच. पण हैदराबादेत वाढलेलं मराठी पोर फोनवर आधी मागतं ते गोंगुऱ्याचं लोणचं आणि कंदी पोडी. यात आईने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ. कंदी पोडीत तूरडाळ, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण. दोन्ही कोरडं भाजून दळायचं, दोन्ही गरम भातावर तूप घालून खायचं. पाण्याचा हात लागला नाही तर दोन्ही टिकतात. पोराची जीभ दोन्ही घरची आहे, हे भाग्यच म्हणायचं.

गोंगुऱ्याला मात्र जपावं लागतं. गोंगुरा म्हणजे अंबाडी; तिचा पाला धुऊन, कापडावर पसरून सावलीत पूर्ण सुकवायचा, मग तेलात पाणी आटेपर्यंत परतायचा. बरणीत वर तेल तरंगलं पाहिजे. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही. तोंडावर प्लास्टिक ताणून झाकण फिरवायचं, चिकटपट्टी लावायची, बरणी पिशवीत बांधून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि स्टीलच्या डब्यात उभी बसवायची. एवढं करूनही कुरिअरवाला ‘तेलकट आहे, घेत नाही’ म्हणतो, तेव्हा संताप होतो. आईने अर्धा दिवस घालवलेला असतो.

हॉस्टेलात उघडलेली बरणी एकट्याची राहत नाही. खोलीतला नागपूरचा मुलगा बोटाने चाखतो, कोल्हापूरचा भातच घेऊन बसतो. मग चार दिवसांत ‘संपलं’ म्हणून फोन. त्यावर रागावू नका. पुढच्या वेळी दोन बरण्या भरा, एक खोलीतल्या सोबत्यांच्या नावाची, आणि दोन्हींवर केल्याची तारीख लिहा.