मावशींनाही टोचा: वैरागच्या दवाखान्यांसाठी तातडीचं आवाहन

वैरागकरहो,

आपल्याला सलाईन लावणारी सिस्टर, रक्त काढणारा लॅबवाला, ड्रेसिंगचे बोळे उचलणाऱ्या मावशी यांनी हिपॅटायटीस बीची लस घेतलीय का? कधी विचारलंत?

मी स्वतः लॅबवाला. पहिला डोस घेतला, महिन्याने दुसरा. सहाव्या महिन्यात नोकरी बदलली, कार्ड कुठल्या पिशवीत गेलं कुणास ठाऊक आणि तिसरा राहूनच गेला. पुढे एका संध्याकाळी वापरलेल्या सुईला परत टोपण लावताना ती बोटात गेली. बाहेर सोलापूरच्या एसटीची वेळ झालेली, पेशंट घाई करत होता. बोट पिळलं, स्पिरिटचा बोळा दाबला, पुढचं रक्त काढलं. सगळंच चुकलं. पिळायचं नसतं, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. लस घेतलेली नसेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकतं, तेही शक्यतो 24 तासांत. मी तीन दिवस गप्प होतो. नशीब, निभावलं.

एचआयव्हीला सगळे घाबरतात. बाधित सुई टोचून त्याची लागण होते हजारात सुमारे तिघांना. हिपॅटायटीस बीच्या काविळीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहापासून तीस जणांना. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो, म्हणजे फरशी पुसणाऱ्या मावशीही त्यातून सुटत नाहीत.

तरी लस राहते. भीतीने कमी, हयगयीने जास्त. "इतकी वर्षं काय झालं?" पैसे मालकाने द्यायचे की आपण, हे ठरलेलं नसतं. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचली 2011 मध्ये. आज कामावर असलेले बहुतेक त्याआधी जन्मलेले. 16 जानेवारी 2021 ला कोरोनाच्या लसीचा पहिला मान आम्हा दवाखान्यात काम करणाऱ्यांनाच होता, तेव्हाही यादीत नाव असून पुष्कळजण "आधी दुसऱ्यांचं बघू" म्हणत थांबले. उलट प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने 1897 मध्ये मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती!

डॉक्टरसाहेब, याच आठवड्यात पहिला डोस द्या, सुरुवात मावशींपासून करा. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मधला डोस हुकलेल्यांनी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, उरलेलेच घ्यायचे. मंडळांनी डीजेच्या एका रात्रीची सुपारी वाचवली तरी कितीतरी जणांचे डोस निघतील.

आणि तुम्ही, उद्या केसपेपर काढताना, काउंटरवर एवढंच विचारा: "ताई, तुमचे तीन डोस झाले का?"