मंगळावरच्या ठिपकेदार दगडाचं कोडं रोव्हरला का सुटत नाही?

नागपूरची सीताबर्डीची टेकडी म्हणजे लाव्हाचा काळा दगड. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला आहे. 1850 च्या दशकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) आणि रॉबर्ट हंटर यांना इथे आणि टाकळीला अशा गाळात शंख, फळं, बिया, अगदी किड्यांचेही अवशेष मिळाले. नमुने लंडनला गेले आणि तज्ज्ञांनी ते हातात घेऊन तपासले.

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर मंगळावर हेच काम करतोय. अडचण आहे ती शेवटच्या पायरीची.

सापडलं काय?

जुलै 2024 मध्ये जेझेरो विवराजवळच्या एका गाळाच्या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले. रोव्हरने क्ष-किरण टाकून त्यातली मूलद्रव्यं ओळखली. ठिपक्यांमध्ये लोह-फॉस्फेट आणि लोह-सल्फाइडची खनिजं असावीत, असा निष्कर्ष निघाला. सोबत सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव अशी खनिजं तयार करतात. म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये नासाने याला 'संभाव्य' जीवखूण म्हटलं.

'संभाव्य' का?

कारण हीच खनिजं जीव नसतानाही बनू शकतात. फरक ओळखायला दगडाचे पातळ काप करावे लागतात, लोह आणि गंधकाच्या समस्थानिकांचं प्रमाण बारकाईने मोजावं लागतं. त्यासाठी खोलीभर यंत्रं लागतात. ती रोव्हरवर मावत नाहीत.

मग दगड आणायचा कसा?

या खडकाचा खडूएवढा नमुना नळीत सीलबंद आहे. पण तो आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि 2040 उजाडेल, असा अंदाज 2024 मध्ये आला. पुढच्या वर्षी ट्रम्प सरकारने ही मोहीमच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. चीनची तियानवेन-3 मोहीम 2028 च्या सुमारास निघणार आहे, पण ती दुसऱ्या जागेचे दगड आणेल.

आपला संबंध?

2023 मध्ये आपल्या प्रज्ञान रोव्हरने चंद्रावर गंधक ओळखलं, तेही जागेवरच. पुढची पायरी चांद्रयान-4: चंद्राची माती पृथ्वीवर आणायची. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये त्यासाठी 2,104 कोटी रुपये मंजूर केले. रोव्हर असताना हा खर्च कशाला, असं कुणी विचारलं तर मंगळावरची ती सीलबंद नळी आठवा. रोव्हर दगड शोधून देतो, पण निकाल प्रयोगशाळेतच लागतो.