माणगावला अडकलात तर...

गोव्याहून गाडीने मुंबईला जाणाऱ्या आपल्या मंडळींना माणगाव ठाऊक असते ते बहुधा तिथल्या ट्रॅफिकमुळे. सुट्ट्यांच्या दिवसांत गाड्या हलता हलत नाहीत. मग चहा होतो, वडापाव होतो, मोबाइलही बघून संपतो. पुढच्या वेळी अडकलात तर तहसील कचेरीची वाट विचारा आणि तिथला यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहून या.

घाडगे याच तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सारे ठार झाले किंवा जखमी. उरले एकटे घाडगे. ते थेट धावून गेले. ग्रेनेड फेकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी संपवले. ठाणे हाती आले, पण त्याच ठाण्यात शत्रूच्या गोळीने ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती देण्यात आला. पार्थिव मात्र कधी सापडलेच नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर, ज्यांची कबर वा समाधी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही अशांच्या यादीत त्यांचे नाव आहे.

हे सांगितल्यावर आमचा कॉलेजात जाणारा भाचा म्हणाला, "पण मावशी, तो इंग्रजांसाठीच लढला ना?" प्रश्न रास्त आहे आणि तो दाबू नये. सैन्य इंग्रजांचे होते, देश पारतंत्र्यात होता. पण समोर हिटलरची फौज होती, हेही तितकेच खरे. आणि कोकणातल्या कितीतरी घरांची चूल तेव्हा पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटत होती. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. तिथे दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. ते युद्ध कोणाचे, यावर वाद घालावा. गेलेली मुले मात्र आपलीच होती.

तिकडच्या लोकांनीही त्यांची आठवण ठेवली आहे. मोंतोने या इटलीतल्या छोट्या गावात २०२३ साली घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो', हे त्याचे ब्रीद.

आणि आपण? पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतके मरण पावले, एवढेच त्यावर असते. आकडा आहे, नाव एकही नाही. कुठे ती पाटी चावडीच्या भिंतीत आहे, कुठे शाळेच्या. वर चुन्याचे हात बसलेले, खाली सायकली टेकवलेल्या. पुतळा नशिबाने एखाद्यालाच मिळतो.

ही नावे शोधता येतात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते. बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते. आजी-आजोबांना विचारा, "आपल्यातलं कोणी लढाईवर गेलं होतं का?" ट्रंकेत एखादे पदक किंवा पेन्शनचे पुस्तक सापडेलही. बेळगावच्या वाचकांच्या तर दाराशीच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे.

मूळ गावी जाल तेव्हा त्या पाटीचा फोटो काढा. आकड्यामागचे एक जरी नाव सापडले तरी मंडळाकडे पाठवा. या सदरात ते जरूर छापू.